इंग्रजीतला सब्जेक्ट म्हणजे मराठीतला कर्ता नव्हे

माझी भाची सातवीत आहे, सेमी इंग्लिशला. मे महिन्याच्या सुट्टीत आमच्याकडे राहायला आली, तेव्हा सोबत व्याकरणाची एक वही घेऊन आली होती. रिकाम्या जागा भरायच्या होत्या. त्यातलं एक वाक्य होतं, 'द बॉक्स ऑफ मँगोज ... व्हेरी हेवी.' मधल्या जागेत 'इज' की 'आर' ते ठरवायचं. तिने पेन्सिलीने 'आर' लिहिलं. का, असं विचारल्यावर म्हणाली, "मावशी, आंबे खूप आहेत ना? मग आर."

मी वही बाजूला ठेवली आणि तेच मराठीत म्हणून दाखव म्हटलं. ती पटकन म्हणाली, "आंब्यांची पेटी खूप जड आहे." आंब्यांची पेटी जड 'आहेत' असं ती झोपेतसुद्धा म्हणाली नसती. म्हणजे पेटी एक, आंबे अनेक आणि जड आहे ती पेटी, हे सगळं तिला पक्कं ठाऊक होतं. एकवचन-अनेकवचनाचा नियमही तिला येत होता. तरी इंग्रजीत तिने आंब्यांना धरलं.

मग मी दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहिली. मराठीत 'आंब्यांची' आधी आणि 'पेटी' नंतर. इंग्रजीत 'बॉक्स' आधी आणि 'ऑफ मँगोज' नंतर. बराच वेळ ती त्या दोन ओळींकडे बघत राहिली. इंग्रजी वाक्यातला सब्जेक्ट आणि व्हर्ब ओळखताना मराठी मुलं जिथे जिथे अडखळतात, त्यातल्या बऱ्याच जागांचं मूळ या दोन ओळींत आहे. गेली काही वर्षं घरी येणाऱ्या मुलांना शिकवताना मला हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मराठीत एका नामाभोवती कितीही शब्द गोळा झाले, तरी मुख्य नाम सगळ्यांच्या शेवटी येतं. 'टेबलावरच्या डब्यातले बेसनाचे लाडू' घ्या. टेबल आहे, डबा आहे, बेसन आहे, पण बोलणं चाललंय लाडवांबद्दल, आणि लाडू शेवटी आहेत. इंग्रजीत हेच म्हणायचं तर 'द बेसन लाडूज इन द बॉक्स ऑन द टेबल' असं होतं. लाडू पुढे आले, डबा त्यांच्या मागे गेला आणि टेबल त्याच्याही मागे. मराठीत आपण वरच्या, तल्या, च्या, चा असे प्रत्यय लावत मुख्य शब्दापर्यंत पोहोचतो. इंग्रजी मुख्य शब्द आधी सांगून टाकते आणि मग 'ऑफ', 'इन', 'ऑन', 'विथ', 'फ्रॉम' अशा छोट्या शब्दांना धरून बाकीची माहिती त्याच्या मागे जोडत जाते. वाक्य वाचता वाचता मराठी मेंदू सवयीने शेवटच्या नामावर जाऊन थांबतो. 'द बॉक्स ऑफ मँगोज' वाचताना तो 'मँगोज'वर थांबला, आणि लगेच पुढे व्हर्बची जागा आली.

म्हणून मुलांना मी पहिली गोष्ट ही सांगते की 'ऑफ', 'इन', 'ॲट', 'विथ', 'फॉर' यांच्या मागे लागलेलं नाम सब्जेक्टचं मुख्य नाम नसतं. पेन्सिलीने तेवढा भाग कंसात घाला आणि उरलेलं वाक्य वाचा. 'द बॉक्स (ऑफ मँगोज) इज हेवी.' 'द कलर (ऑफ द कर्टन्स) इज ब्ल्यू.' 'वन (ऑफ माय फ्रेंड्स) लिव्ह्ज इन नाशिक.' हे शेवटचं वाक्य स्पर्धा परीक्षांत हमखास चकवतं, कारण 'फ्रेंड्स' दिसलं की हात 'लिव्ह'कडे जातो. मराठीत म्हणून बघा, 'माझ्या मित्रांपैकी एक नाशिकला राहतो.' 'एक' शेवटी आहे, म्हणून राहतो कोण ते आपल्याला लगेच कळतं. इंग्रजीत तो 'एक' सगळ्यात पुढे जाऊन बसलाय, एवढाच फरक.

आता शीर्षकातल्या गोष्टीकडे येते, कारण खरा गोंधळ तिथे आहे.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. आमच्या वेळी ते पाचवीत भेटायचं. पाचवीत मी वापरलेल्या एका गाईडमध्ये पहिल्याच पानावर लिहिलं होतं, 'सब्जेक्ट म्हणजे कर्ता, व्हर्ब म्हणजे क्रिया दाखवणारा शब्द.' आजही बऱ्याच मुलांच्या वहीत हेच वाक्य असतं. ते अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं मुलांना वर्षानुवर्षं छळतं.

मराठीत कर्ता शोधायची युक्ती आपण सगळेच शिकलोय. क्रियापदाच्या धातूला 'णारा' लावायचा आणि 'कोण' विचारायचं. 'रामाने पोळी खाल्ली.' खाणारा कोण? राम. झाला कर्ता. पण याच वाक्यात क्रियापद कोणाच्या मागे चाललंय ते पाहा. राम पुल्लिंगी आहे, तरी क्रियापद 'खाल्ली' आहे. पोळीच्या जागी आंबा ठेवला तर 'रामाने आंबा खाल्ला', आणि रामाऐवजी सीता आणली तरी 'सीतेने आंबा खाल्ला'च. खाणारं कोणीही असो, क्रियापद आंब्याचं ऐकतं. याला आपण कर्मणी प्रयोग म्हणतो. म्हणजे काम कोण करतं हा एक प्रश्न आणि क्रियापद कोणाप्रमाणे बदलतं हा दुसरा, हे मराठी व्याकरणाने आपल्याला आधीच शिकवलेलं आहे. 'कर्ता' हा शब्दच मुळात पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीतलं सूत्र आहे, 'स्वतन्त्रः कर्ता'. क्रियेत जो स्वतंत्र असतो, तो कर्ता. म्हणूनच संस्कृतात 'रामेण रावणः हतः' म्हटलं तरी कर्ता रामच राहतो, मग तो तृतीयेत का जाईना.

इंग्रजीतला सब्जेक्ट हे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. काम कोणी केलं याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. वाक्यात एक खुर्ची असते, आणि त्या खुर्चीवर जो बसेल त्याचं क्रियापद ऐकतं. 'सीता एट द मँगो' या वाक्यात खुर्चीवर सीता आहे, आणि खाणारीही तीच. 'द मँगो वॉज ईटन बाय सीता' म्हटलं की खुर्चीवर आंबा येऊन बसतो. खाणारी अजूनही सीताच, पण सब्जेक्ट आंबा. खात्री करायची तर आंब्याचे आंबे करून पाहा. 'द मँगोज वेअर ईटन बाय सीता.' 'वॉज'चं 'वेअर' झालं. आता सीतेसोबत आणखी कोणाला आणा, 'द मँगोज वेअर ईटन बाय सीता अँड हर ब्रदर', व्हर्ब जागचं हलत नाही. ज्याच्या संख्येनं व्हर्ब हललं, तो सब्जेक्ट. 'णारा कोण' विचारणाऱ्या मुलाने इथे सीतेखाली रेघ मारली असती, आणि गुण गेले असते. मराठीत याला जवळचा शब्द हवाच असेल तर वाक्यपृथक्करणातला 'उद्देश्य' घ्या. ज्याच्याविषयी वाक्य काही सांगतं ते उद्देश्य, आणि जे सांगतं ते विधेय. तो कर्त्यापेक्षा पुष्कळ बरा बसतो.

याच कारणाने 'मला'ची वाक्यं मुलांना जड जातात. 'मला आंबा आवडतो.' आंबा आवडतो, आंबे आवडतात, कैरी आवडते. क्रियापद माझं ऐकतच नाही. मराठीत भूक लागते, ताप येतो, राग येतो, आठवण येते, हे सगळं माणसाकडे चालत येतं, आणि माणूस 'मला' होऊन ते स्वीकारतो. इंग्रजी त्याच माणसाला उचलून खुर्चीवर बसवते. 'आय लाइक मँगोज', 'आय ॲम हंग्री', 'आय हॅव अ फीव्हर', 'आय रिमेम्बर', 'आय हॅव टू डॉटर्स'. सगळीकडे 'आय'. त्यातून इंग्रजीत एक 'मी' आहे, पण त्याचा अर्थ 'मला'. लहान मुलं 'मी लाइक मँगो' म्हणतात ती अगदीच उगाच नाही. त्यांनी 'मला' या शब्दाचं भाषांतर बरोबर केलेलं असतं, फक्त इंग्रजीत त्या जागी 'मला' चालत नाही. 'मी', 'हिम', 'हर', 'देम', 'अस' हे शब्द त्या खुर्चीवर बसूच शकत नाहीत. तिथे 'आय', 'ही', 'शी', 'दे', 'वी' हवेत. सब्जेक्ट ओळखायचा हा एक पक्का पुरावाही आहे. शंका आली की त्या जागी 'दे' चालतं की 'देम', ते म्हणून बघायचं.

ही खुर्ची इंग्रजीला इतकी महत्त्वाची का वाटते, तेही सांगायला हवं, नाहीतर तो नुसता पाठ करायचा नियम होतो. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना आपल्यासारखेच विभक्तीचे प्रत्यय लागत होते. पुढच्या काही शतकांत ते झिजत गेले. प्रत्यय गेल्यावर कोणी कोणाला काय केलं हे कळायला शब्दाची जागा एवढंच उरलं. आपण 'कुत्रा मांजराला चावला' म्हणतो, 'मांजराला कुत्रा चावला' म्हणतो, जोर थोडा इकडचा तिकडे होतो, पण चावणारा बदलत नाही, कारण 'ला' मांजराला चिकटलेला आहे. इंग्रजीत 'द डॉग बिट द कॅट' आणि 'द कॅट बिट द डॉग' या दोन वेगळ्या घटना आहेत. 'हिम', 'देम' ही त्या जुन्या विभक्तींची राहिलेली खूण.

क्रियापदांचेही प्रत्यय असेच गळाले. मराठीत 'आलो, जेवलो, झोपलो' ही तीन पूर्ण वाक्यं आहेत. 'आलो'मध्ये मी आहे आणि तो पुरुष आहे, हेही कळतं. 'आले' म्हटलं की बाई बोलतेय. इंग्रजी 'केम' यातलं काहीच सांगत नाही. मी, तू, तो, ती, ते, सगळ्यांना 'केम'च. म्हणून खुर्ची रिकामी ठेवता येत नाही. बसवायला कोणी नसेल तरी इंग्रजी कोणाला तरी बसवतेच. आपण 'उजाडलं' म्हणतो, 'सांजावलं' म्हणतो, 'गडगडतंय' म्हणतो. उजाडणारा कोण, असं कोणी विचारत नाही. इंग्रजीत मात्र 'इट इज रेनिंग', 'इट इज लेट', 'इट इज हॉट'. हा 'इट' कोण, असं भाचीने विचारलं होतं. कोणीच नाही. त्याने फक्त जागा धरून ठेवलीय. तरी सब्जेक्ट तोच.

'देअर'चं थोडं वेगळं आहे. 'देअर इज अ मॅन ॲट द डोअर', 'देअर आर थ्री मेन ॲट द डोअर'. खुर्चीवर 'देअर' आहे, पण व्हर्ब ऐकतं ते पुढच्या नामाचं. इथे पुढे बघूनच 'इज' की 'आर' ठरवावं लागतं. आज्ञेच्या वाक्यात खुर्चीवरचा 'यू' दिसत नाही, पण असतो. 'सिट डाउन' आणि आपलं 'बस' सारखंच, त्यामुळे त्यात कोणी अडकत नाही.

सब्जेक्ट शोधायला आधी व्हर्ब सापडावं लागतं. ओळ डावीकडून सुरू होते म्हणून मुलं आधी सब्जेक्ट शोधायला जातात. मी नेहमी उलट करायला सांगते. पण व्हर्ब ओळखायचं कसं? 'क्रिया दाखवणारा शब्द' ही व्याख्या इथे दगा देते. 'जर्नी'मध्ये क्रिया आहे, 'फाइट'मध्ये आहे, 'मीटिंग'मध्येही आहे, आणि तिन्ही नामं होऊ शकतात. उलट 'इज'मध्ये कुठली क्रिया दिसते? त्यात इंग्रजी शब्द वेष न बदलता काम बदलतात. 'द वर्क इज हार्ड' यात 'वर्क' नाम आहे, 'दे वर्क हार्ड' यात तेच व्हर्ब. 'वॉटर' म्हणजे पाणी, पण 'आय वॉटर द प्लांट्स' म्हटलं की मी झाडांना पाणी घालते. नुसत्या शब्दाकडे टक लावून काही कळणार नाही.

कळतं ते काळ बदलल्यावर. वाक्याच्या सुरुवातीला 'यस्टरडे' लावा आणि वाक्य मोठ्याने म्हणा. जो शब्द बदलला, तो व्हर्ब. 'दे वर्क हार्ड' चं 'यस्टरडे दे वर्क्ड हार्ड' झालं, 'द वर्क इज हार्ड' चं 'यस्टरडे द वर्क वॉज हार्ड'. 'शी वॉन्ट्स टू लर्न स्विमिंग' या वाक्यात तीन शब्द क्रियेसारखे दिसतात, पण काल लावला की 'शी वॉन्टेड टू लर्न स्विमिंग', आणि बदलला एकटा 'वॉन्ट्स'. बाकीचे दोघे जागचे हलले नाहीत. 'पुट', 'कट', 'हिट' यांच्यासारखे काही शब्द भूतकाळातही तसेच राहतात. तिथे काल न लावता 'शी' लावून बघा. 'शी पुट्स', 'शी कट्स', लगेच पकड मिळते.

आता मराठीने आपल्या हातात आयती दिलेली एक कसोटी. ही मला फार आवडते, कारण तिच्यासाठी इंग्रजीचा एकही नियम पाठ करावा लागत नाही. जो इंग्रजी शब्द मराठीत आणताना 'णारा', 'लेला', 'ताना', 'ऊन', 'आयला' किंवा 'णं' असा शेवट घेतो, तो त्या वाक्याचं व्हर्ब नाही. आपण यांना धातुसाधितं म्हणतो. क्रिया त्यांच्या पोटात असते, पण ती वाक्य संपवू शकत नाहीत. 'टू लर्न' म्हणजे शिकायला. 'स्विमिंग' म्हणजे पोहणं. 'द चिल्ड्रन प्लेइंग इन द रेन' म्हणजे 'पावसात खेळणारी मुलं', आणि हे ऐकल्यावर मराठी माणूस विचारणारच, बरं, त्या मुलांचं काय? वाक्य अजून आलेलं नाही. 'द चिल्ड्रन प्लेइंग इन द रेन आर माय कझिन्स' म्हटल्यावर ते आलं, आणि व्हर्ब निघालं 'आर'. तसंच, 'द लेटर सेंट ऑन मंडे रीच्ड टुडे.' यात 'सेंट' भूतकाळासारखं दिसतं, म्हणून मुलं त्याखाली रेघ मारतात. मराठीत आणा. 'सोमवारी पाठवलेलं पत्र आज पोहोचलं.' 'सेंट'चं 'पाठवलेलं' झालं, म्हणजे ते बाद. 'पोहोचलं'ने वाक्य संपवलं, म्हणजे व्हर्ब 'रीच्ड'.

'स्विमिंग', 'वॉकिंग' असे शब्द मात्र स्वतः खुर्चीवर बसू शकतात. 'स्विमिंग इज गुड फॉर यू', पोहणं चांगलं असतं. ते व्हर्ब नाहीत म्हणून वाक्यातून कटाप झाले, असं समजू नये.

सहायक क्रियापदांत तोच आंब्याच्या पेटीचा उलटा क्रम पुन्हा भेटतो. 'ती वाट बघत होती.' 'बघत' बदलत नाही. बदलतो तो शेवटचा शब्द, होतो, होती, होते. इंग्रजीत 'शी वॉज वेटिंग'. बदलणारा 'वॉज' पुढे, न बदलणारं 'वेटिंग' मागे. 'तो गेला असेल' आणि 'ही मे हॅव गॉन' पाहा, पुन्हा तेच. मराठी गाडीचं इंजिन मागून ढकलतं, इंग्रजीचं पुढून ओढतं. म्हणून 'हॅज बीन वेटिंग' अशी तीन डब्यांची गाडी दिसली की व्हर्ब तिन्ही मिळून असतं, पण काळ आणि वचन सांभाळतो तो फक्त पहिला डबा. 'डझ शी नो?' विचारताना 'नोज' का म्हणायचं नाही, याचं उत्तर यातच आहे. 'एस'चं काम पुढच्या 'डझ'ने केलेलं आहे. मधे 'नॉट', 'ऑलवेज', 'नेव्हर' घुसले तर ते प्रवासी समजावेत, गाडीचा भाग नव्हेत.

व्हर्ब मिळालं की सब्जेक्ट काढायला एक उडी पुरते. वाक्याचा हो-नाहीचा प्रश्न करायचा. आपण नुसतं 'का' लावतो, शब्द हलवत नाही. इंग्रजीत पहिला डबा उडी मारून सुरुवातीला येतो, आणि ज्या शब्दांवरून तो उडी मारतो तेवढा सगळा सब्जेक्ट. 'द बॉईज अ‍ॅट द बस स्टॉप आर सिंगिंग.' 'आर द बॉईज अ‍ॅट द बस स्टॉप सिंगिंग?' 'आर' ज्यावरून उडाला ते 'द बॉईज ॲट द बस स्टॉप', हा अख्खा सब्जेक्ट, आणि त्यातला पहिला 'बॉईज' मुख्य. डबा एकच असेल, तर 'डू', 'डझ', 'डिड' मदतीला येतात. 'द मॅन हू सेल्स व्हेजिटेबल्स नोज माय फादर.' इथे काल लावला तर 'सेल्स' आणि 'नोज' दोन्ही बदलतील, मग धरायचं कोणाला? प्रश्न करा. 'डझ द मॅन हू सेल्स व्हेजिटेबल्स नो माय फादर?' 'एस' सुटला तो 'नोज'चा, 'सेल्स' तसाच राहिला. म्हणजे मुख्य व्हर्ब 'नोज'. 'हू सेल्स' ही घरातली वेगळी खोली आहे, तिचा सब्जेक्ट आणि व्हर्ब तिच्यापुरते. 'जो भाजी विकतो, तो माझ्या बाबांना ओळखतो' हे जो-तो आपल्याला काही नवं नाही. 'हू', 'विच', 'व्हेन', 'बिकॉज', 'इफ' दिसले की अशी एक खोली सुरू झाली समजायचं.

हे सगळं त्या सुट्टीत दुपारी दोन-तीन बैठकांत झालं. शेवटी मी भाचीला एक लांब वाक्य दिलं. 'द नेम्स ऑफ द गर्ल्स सिलेक्टेड फॉर द टीम हॅव बीन पुट अप ऑन द नोटिस बोर्ड.' तिने आधी काल लावला. 'हॅव'चं 'हॅड' झालं. 'सिलेक्टेड'वर पेन्सिल थांबली, ओठ हलले, 'निवडलेल्या', आणि तिने त्यावर बारीक फुली मारली. मग प्रश्न केला, 'हॅव'ला उचलून पुढे आणलं, मधल्या लांब भागाखाली एकच रेघ ओढली आणि 'नेम्स'भोवती गोल केला. विचारलं नाही, फक्त माझ्याकडे बघितलं.

मग पानं उलटून मागे गेली. 'आर' खोडलं, 'इज' लिहिलं. वही मिटता मिटता म्हणाली, "आणि 'अ लॉट ऑफ मँगोज' असेल तर? तिथेपण 'ऑफ' आहे. मग 'लॉट' धरायचं का?"

मी म्हटलं, मराठीत काय म्हणशील?

"पुष्कळ आंबे," ती म्हणाली, आणि क्षणभर थांबली. "आंबे शेवटी आले. मग आंबेच. आर."